आपण तिथे कोणत्या नावाने सापडतो? बडोद्यातील मराठी समाजाचा अभ्यास आणि विद्यापीठाचे ग्रंथालय

दर वर्षी पावसाळा सुरू होऊन महाविद्यालये उघडली, की मंडळाच्या कार्यालयात दोन-तीन तरी फोन येतात. कुणाची मुलगी समाजशास्त्र घेऊन एम.ए. करते आहे, कुणाच्या नातवाला शेवटच्या वर्षाला प्रकल्प द्यायचा आहे, आणि विषय ठरलेला असतो : ‘बडोद्यातील मराठी समाज’. माहिती कुठे मिळेल, असे विचारले जाते. मंडळ चार ज्येष्ठांची नावे देते. ज्येष्ठ मंडळी आपुलकीने बोलतात, चहा-चिवडा होतो, आणि मुले परततात ती बहुधा एकच वाक्य घेऊन : आम्ही गायकवाडांबरोबर आलो.

हे वाक्य खोटे नाही, पण ते फार मोठे आहे. बडोदे शहर गायकवाडांच्या ताब्यात कायमचे आले १७३४ मध्ये. सयाजीराव महाराज गादीवर आले १८७५ मध्ये. संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले १ मे १९४९ रोजी. या दोनशे-सव्वादोनशे वर्षांत शिलेदार आले, कारकून आले, शिक्षक, वैद्य, कीर्तनकार, गवई आले, तसेच स्वयंपाकी, मोतद्दार, चांभार, झाडूवालेही आले. काही घोड्यावरून आले, काही आगगाडीतून. या सगळ्यांची गोष्ट एका वाक्यात बसवली की जी घराणी आजही बोलकी आहेत तेवढ्यांचीच गोष्ट उरते. मंडळाने सुचवलेले चार ज्येष्ठ बहुतेक अशाच घराण्यांतले असतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

म्हणून यंदा फोन येण्याआधीच हा लेख. ज्येष्ठांकडे जाण्यापूर्वी मुलांनी (आणि हौस असलेल्या पालकांनीही) विद्यापीठाच्या ग्रंथालयात आठ-दहा दिवस बसावे. तिथे काय मिळते, ते कसे शोधावे आणि मिळालेले कसे वाचावे, ते इथे सांगतो.

आपले भाग्य असे, की हे ग्रंथालय आपल्याच गावात आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या मुख्य ग्रंथालयाला पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता यांचे नाव आहे. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातला ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारा शब्दप्रयोग बदलून ‘सर्व माणसे’ असा करायला लावणाऱ्या त्या याच. इथल्या समाजशास्त्राच्या विभागात १९५१ ते १९५९ या काळात एम. एन. श्रीनिवास प्राध्यापक होते. आय. पी. देसाई इथे शिकवत होते, ए. एम. शाह इथे घडले. भारतातल्या गावाचा, जातीचा आणि कुटुंबाचा अभ्यास कसा करावा, याची बरीचशी चर्चा ज्या आवारात झाली त्याच आवारात आपली मुले रोज सायकल लावतात.

आता मुख्य अडचण. ग्रंथतालिकेच्या संगणकावर ‘बडोद्यातील मराठी लोक’ असे मराठीत, गुजरातीत किंवा इंग्रजीत टाकले तर हाती फारसे काही लागत नाही. दोन-चार गौरवग्रंथ, सयाजीराव महाराजांची चरित्रे, एखादा प्रबंध. मुले निराश होतात आणि ‘या विषयावर साहित्य उपलब्ध नाही’ असे प्रस्तावनेत लिहून मोकळी होतात. साहित्य असते, पण ते आपण स्वतःला ज्या नावाने ओळखतो त्या नावाखाली नसते. ज्यांनी आपल्याबद्दल लिहिले त्यांनी आपल्याला जे नाव दिले, त्या नावाखाली ते असते.

गुजराती शेजाऱ्यांनी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘दक्षिणी’ म्हटले. इंग्रज अधिकाऱ्यांनी ते कुठे ‘डेक्कनी’ लिहिले, कुठे ‘दखनी’, कुठे ‘दक्षिणी ब्राह्मण’. ‘मराठा’ हा शब्द तर जास्तच घोटाळ्याचा. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्याचे स्पेलिंग कधी एका ‘टी’चे, कधी दोन ‘टी’चे, कधी ‘र’च्या आधी ‘एच’ घातलेले. अर्थही तीन : कधी मराठा जात, कधी मराठी बोलणारे सगळे लोक, कधी गायकवाडांची सत्ता. जनगणनेच्या जातींच्या तक्त्यात ‘मराठा’ आला तर ती जात. त्याच अहवालाच्या वर्णनाच्या भागात ‘मराठ्यांची राहणी’ आली तर त्यात प्रभू, ब्राह्मण, शिंपी सगळे असू शकतात. एकाच पुस्तकात पन्नास पानांच्या अंतरावर अर्थ बदलतो. हे लक्षात न घेता आकडे उतरवून घेतले तर सगळा प्रकल्प पायापासून वाकडा होतो. शहराचे नावही ‘बरोडा’ आणि ‘वडोदरा’ अशा दोन्ही रूपांत शोधावे लागते, हे सांगायला नकोच.

तेव्हा पहिल्या दिवशी पुस्तक मागू नये. वहीच्या एका पानावर आपली सगळी संभाव्य नावे लिहावीत : भाषेचे नाव, प्रदेशाचे नाव, जातींची नावे, आडनावांची जुनी रूपे, पेशांची नावे. पेशांची नावे विशेष कामाची आहेत, कारण बडोदे सरकारची स्वतःची परिभाषा होती. जिल्ह्याला प्रांत म्हणत, त्यावर सुभा असे, तालुक्यावर वहिवाटदार. पणजोबा वहिवाटदार होते असे घरी ऐकलेले असते, पण म्हणजे नेमके काय ते सांगता येत नाही. अशा शब्दांसाठी १९३१ मध्ये तयार झालेला ‘श्री सयाजीशासनशब्दकल्पतरू’ पाहावा. राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी आणि बंगाली प्रतिशब्द देणारा असा कोश एका संस्थानाने करावा, याचे आजही नवल वाटते.

नावांची यादी झाली की दुसरे काम कपाटांचे. बहुतेक विद्यापीठ ग्रंथालयांत पुस्तके ड्युईच्या दशांश पद्धतीने लावलेली असतात. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेल्या बोधांकावरून विषय कळतो. समाजशास्त्र ३०१ पासून ३०७ पर्यंत. मुले तिथेच उभी राहतात आणि तिथूनच परततात. आपल्या विषयाची पुस्तके मात्र चहूकडे पांगलेली असतात. सामाजिक गट आणि जात ३०५ मध्ये, विवाह आणि कुटुंब ३०६.८ मध्ये, घरात कोणती भाषा बोलली जाते हा विषय ३०६.४४ मध्ये, स्थलांतर ३०४.८ मध्ये, वस्ती आणि मोहल्ले ३०७ मध्ये. गुजरातचा इतिहास पार दुसऱ्या टोकाला, ९५४.७५ ला. गॅझेटिअर आणि जनगणनेचे अहवाल बहुधा या रांगांत नसतातच. ते संदर्भ विभागात किंवा सरकारी प्रकाशनांच्या वेगळ्या दालनात ठेवलेले असतात आणि मागितल्याशिवाय समोर येत नाहीत.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. संदर्भ विभागातल्या माणसाला विषय सांगू नये, प्रश्न सांगावा. ‘मराठी समाजावर काय आहे?’ असे विचारले तर तो बिचारा गौरवग्रंथाकडे बोट दाखवणार. ‘१९११ ते १९३१ या काळात बडोदे शहरात मराठी बोलणारे किती होते आणि त्यांतले इथेच जन्मलेले किती, हे कुठे पाहता येईल?’ असे विचारले तर तो तुम्हाला थेट कपाटापर्यंत नेतो. प्रश्न जेवढा छोटा, तेवढी मदत मोठी. आणि ज्याचे उत्तर आपल्या अपेक्षेच्या उलट येऊ शकते, असाच प्रश्न विचारण्याजोगा. ‘मराठी समाजाचे बडोद्याच्या विकासातील योगदान’ या विषयात उलटे काही निघण्याची सोयच नाही. तो सत्काराचा विषय झाला.

खानेसुमारीचे अहवाल

माझ्या मते या सगळ्या साहित्यात सर्वांत मोलाचे आहेत ते बडोदे संस्थानच्या जनगणनेचे अहवाल, जुन्या मराठीत खानेसुमारीचे. बडोदे हे मोठे संस्थान असल्यामुळे ‘भारताची जनगणना’ या मालिकेत त्याचे वेगळे खंड निघत. १९११ चा अहवाल गोविंदभाई देसाई यांचा, १९२१ आणि १९३१ चे सत्यव्रत मुखर्जी यांचे. १९३१ चा बडोद्याचा खंड हा त्या मालिकेतला १९ वा. एका भागात वर्णन, दुसऱ्यात तक्ते. वर्णनाचा भाग वाचायला सोपा आणि खुसखुशीत आहे, म्हणून सगळे तोच वाचतात. खरा ऐवज तक्त्यांत आहे.

तक्ते तीन पाहावेत : भाषेचा, जन्मस्थानाचा आणि जातींचा. एकेकटा तक्ता फार थोडे सांगतो. भाषेच्या तक्त्यातून मराठी बोलणाऱ्यांची संख्या मिळते. जन्मस्थानाच्या तक्त्यातून बाहेर जन्मलेले आणि आता इथे मोजले गेलेले लोक मिळतात. दोन्ही शेजारी ठेवले की एक चांगला प्रश्न उभा राहतो. मराठी बोलणारे जर बाहेर जन्मलेल्यांपेक्षा बरेच जास्त असतील, तर उरलेले इथेच जन्मले, म्हणजे स्थायिक झालेली पिढी. ‘गायकवाडांबरोबर आलो’ या वाक्याची परीक्षा इथून सुरू होते.

पण घाई करू नये. जन्मस्थानाच्या तक्त्यात आपल्या चालीरीती लपलेल्या आहेत. बडोद्यात तीन पिढ्या राहिलेल्या घराने सून पुण्याची, साताऱ्याची किंवा कोल्हापूरची केली की तक्त्यात ती ‘बाहेर जन्मलेली’. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली की मूलही बाहेर जन्मलेले, मग त्याचे उभे आयुष्य दांडिया बाजारात का गेलेले असेना. खुद्द राजघराण्याचे पाहा : सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणीसाहेब तंजावरच्या मोहित्यांच्या, दुसऱ्या देवासच्या घाटग्यांच्या. दोघीही मराठी, दोघींचेही माहेर आजच्या महाराष्ट्राबाहेर. जन्मस्थानावरून मूळ ठरवणाऱ्याने त्यांना कुठे घालावे?

उपाय आहे, आणि तो तक्त्यातच आहे. आकडे पुरुष आणि स्त्रिया असे वेगळे दिलेले असतात. एखाद्या जिल्ह्यातून आलेल्यांत पुरुष बरेच जास्त असतील तर ती नोकरीसाठी किंवा पलटणीसाठी एकट्याने केलेली ये-जा. स्त्रिया जास्त असतील तर सोयरिकीची वाट. दोन्ही जवळपास सारखे असतील तर बिऱ्हाडे हलली असण्याचा संभव. हा नियम नव्हे, अंदाज आहे. पण अंदाज घेऊन ज्येष्ठांकडे गेलेल्या विद्यार्थ्याला ‘आजी, तुमच्या घरात सुना कुठून येत?’ असा प्रश्न सुचतो, आणि त्या प्रश्नाला आजी तासभर उत्तर देतात. ‘तुम्ही कधी आलात?’ या प्रश्नाला त्या एकच वाक्य देतात.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. संस्थानची हद्द म्हणजे आजचा जिल्हा नव्हे. बडोदे, कडी (पुढे मेहसाणा), नवसारी आणि अमरेली हे प्रांत एकमेकांपासून दूर विखुरलेले होते. १९३१ च्या संस्थानाची तुलना २०११ च्या वडोदरा जिल्ह्याशी केली तर ती तुलनाच नाही. शहराचे आकडे असतील तर शहराशीच ताडून पाहावेत. दुसरे असे, की सर्व जातींची गणती होऊन तिचे तपशीलवार तक्ते छापले गेले ते १९३१ पर्यंत. १९४१ मध्ये युद्धामुळे तक्ते आटोपते घेतले गेले आणि १९५१ पासून अनुसूचित जाती-जमाती वगळता जातींची मोजणी थांबली. पुढच्या काळासाठी मातृभाषेचा तक्ताच काय तो हाती राहतो. त्यात दोनशे वर्षांपूर्वी आलेले घर आणि गेल्या दहा वर्षांत कारखान्यात कामाला आलेले खानदेशातले कुटुंब एकाच रकान्यात येते. सुरतेचा आकडा वाचताना तर हे विसरूच नये.

इंदूर, ग्वाल्हेर आणि हैदराबादच्या आप्तांसाठी एवढेच : ग्वाल्हेर आणि हैदराबाद संस्थानांचेही जनगणनेचे खंड निघत, इंदूरचे आकडे मध्य भारत एजन्सीच्या खंडांत मिळतात. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते नसतील तर जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर जुने अहवाल चित्ररूपात ठेवलेले आहेत. तरी माझा आग्रह आधी छापील खंड हाताळण्याचा. पडद्यावर माणूस हवे ते पान उघडतो. कपाटात शेजारचा खंडही दिसतो.

गॅझेटिअरविषयी थोडक्यात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ७ वा खंड बडोद्याचा, १८८३ चा. तो लिहिणारे एफ. ए. एच. एलियट हे तरुण सयाजीरावांचे शिक्षक होते, म्हणजे पदच्युत मल्हाररावांनंतरच्या नव्या व्यवस्थेचा एक भाग. आधीच्या दरबाराबद्दल ते काय लिहितात ते वाचताना हे ध्यानात ठेवावे. पुढे १९२३ मध्ये गोविंदभाई देसाई आणि ए. बी. क्लार्क यांनी संस्थानचे स्वतःचे गॅझेटिअर दोन खंडांत काढले. चाळीस वर्षांच्या अंतराने, एकाने बाहेरून आणि दुसऱ्याने आतून केलेली ही दोन वर्णने एकमेकांसमोर ठेवून वाचणे हाच एक छोटा प्रकल्प होऊ शकतो.

‘एकत्र कुटुंब मोडले’ म्हणजे काय?

मुलांचा दुसरा आवडता विषय : मराठी एकत्र कुटुंबाचे विघटन. वाडे गेले, फ्लॅट आले, मुले पुण्याला किंवा अमेरिकेला, ज्येष्ठ एकटे. यात खरे दुःख आहे, ते आपण सगळे पाहतो आहोत. पण अभ्यास म्हणून हा विषय घ्यायचा तर आधी नियतकालिकांच्या विभागात जाऊन ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’चे बांधीव खंड काढावेत. भारतीय समाजशास्त्र परिषदेचे हे नियतकालिक १९५२ पासून निघते. १९५६ च्या अंकात आय. पी. देसाई यांचा भारतातील एकत्र कुटुंबावरचा लेख आहे. देसायांचा मुद्दा सोपा आणि धारदार होता. एका छपराखाली राहणे आणि एका चुलीवर जेवणे एवढ्यावरून कुटुंब एकत्र की विभक्त हे ठरवू नका. वेगळ्या घरांत राहणाऱ्या भावांमध्ये मालमत्ता, देणे-घेणे, लग्नकार्य आणि जबाबदाऱ्या यांचे नाते किती टिकून आहे, ते पाहा. पुढे याच दृष्टीने त्यांनी सौराष्ट्रातल्या महुवा गावातल्या कुटुंबांचा अभ्यास केला. तो १९६४ मध्ये पुस्तकरूपाने आला.

ए. एम. शाह यांनी दुसरी बाजू धरली. त्यांचे म्हणणे, ‘कुटुंब’ हा शब्दच आपण सैल वापरतो. प्रत्यक्ष एका घरात राहणारा गट वेगळा आणि नात्याने बांधलेला गोतावळा वेगळा. घर मोजता येते, तर आधी ते मोजा. पूर्वी सगळीकडे मोठी एकत्र घरे होती आणि आता ती मोडली, ही समजूत तपासून पाहा. १९७३ च्या त्यांच्या पुस्तकात हा विचार सविस्तर आहे.

हे दोघे वाचून झालेला विद्यार्थी आपल्या घरी वेगळे प्रश्न विचारील. बोस्टनच्या काकांनी आजीच्या शस्त्रक्रियेचा खर्च कुणाला न विचारता उचलला, गणपती मात्र अजून थोरल्याकडेच बसतो, मुंजीला सगळे येतात, पण वाड्याच्या विक्रीवरून दोन भाऊ बोलत नाहीत. हे कुटुंब मोडले की टिकले? उत्तर मी देणार नाही. देसाई आणि शाह यांनी ज्या ग्रंथालयात बसून हे वाद घातले असतील, तिथे बसून ते शोधण्यात मजा आहे.

मराठी वाचकांसाठी इरावती कर्वे यांचा नातेसंबंधांवरचा १९५३ चा इंग्रजी ग्रंथही इथेच जोडून घ्यावा. उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची लग्नपद्धती यांच्या सीमेवर महाराष्ट्र कसा उभा आहे, ते त्यात कळते. मामेबहिणीशी लग्न आपल्याकडे अनेक जातींत चालते आणि गुजराती शेजाऱ्यांना ते ऐकूनही कसेसे होते, याचा उलगडा होतो.

खंड ४१ की खंड ४६?

संदर्भ तपासण्याची सवय का हवी, यासाठी एक उदाहरण देतो. ते बडोद्याशी जोडलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे ९ मे १९१६ रोजी त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला आणि तो मे १९१७ च्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. म्हणजे बडोद्याच्या पैशातून घडलेला समाजशास्त्राचा हा निबंध इथे श्रीनिवास येण्याच्या पस्तीस वर्षे आधीचा.

आता तो मूळ अंक मागायला जा. ठिकठिकाणच्या पुनर्मुद्रणांत आणि प्रबंधांत संदर्भ दिलेला असतो : खंड ४१. चिठ्ठीवर ४१ लिहून दिले तर हातात येतो १९१२ चा खंड आणि त्यात निबंध नसतो. कारण साधे आहे. नियतकालिकाचा पहिला खंड १८७२ चा. वर्षाला एक याप्रमाणे १९१७ चा खंड ४६ वा. रोमन अंकांत एक अक्षर गळले आणि एकाचे पाहून दुसऱ्याने उतरवले. ज्याने मूळ खंड उघडला नाही तो या एका आकड्यावरून ओळखू येतो. मुलांनो, तुमचे परीक्षकही हे ओळखतात.

आणि याच बाबासाहेबांची बडोद्याची दुसरी बाजूही ग्रंथालयातच आहे. १९१७ मध्ये ते करारानुसार नोकरीसाठी या शहरात आले. परदेशी विद्यापीठात शिकलेला, मराठी बोलणारा, दरबारचा अधिकारी. त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत खरी ओळख लपवून राहावे लागले. तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन येऊन बाहेर काढले. ओळखीच्या माणसांनीही घरात घेतले नाही. पुढचे काही तास त्यांनी सार्वजनिक बागेत काढले आणि ते शहर सोडून गेले. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या १२ व्या खंडात ते आहे. ‘बडोद्यातील मराठी समाज’ या विषयावरच्या किती प्रकल्पांत हे पान येते? आपल्या स्मरणिकांत १९०९ च्या साहित्य संमेलनाची आठवण असते, आणि २०१८ च्या संमेलनाचे फोटो असतात. असावेतच. पण त्याच काळात याच गल्ल्यांत मराठी बोलणाऱ्या एका माणसाला ओसरीही मिळाली नाही, हेही आपल्याच समाजाच्या इतिहासात येते. ज्येष्ठांच्या बैठकीत हा विषय सहसा निघत नाही. कपाटातला खंड मात्र मागणाऱ्याला मिळतो.

थोड्या व्यवहाराच्या गोष्टी

विद्यापीठाचे विद्यार्थी नसलेल्यांनी आधी चौकशी करून जावे. बाहेरच्या वाचकांना ओळखपत्र, अर्ज आणि काही वेळा संस्थेचे शिफारसपत्र लागते. मंडळाच्या कागदावर पत्र हवे असेल तर कार्यालयात सांगावे, मिळेल. जुन्या खंडांचे फोटो मोबाइलवर काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी. फोटो काढताना पहिला फोटो मुखपृष्ठाच्या आतल्या नावाच्या पानाचा, म्हणजे घरी आल्यावर ‘हे कशातले?’ असा प्रश्न पडत नाही. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर पुस्तक, वर्ष, पान आणि बोधांक. लेखकाचे शब्द जसेच्या तसे उतरवले असतील तर अवतरणचिन्हे तिथल्या तिथे. नंतर आठवत नाही.

संगणकावरच्या तालिकेत दिसले नाही म्हणजे पुस्तक नाही, असे समजू नये. जुन्या संग्रहांतले कितीतरी ग्रंथ नोंदीत वेगळ्या स्पेलिंगने चढलेले असतात. मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत कशीही लिहिलेली असतात. लेखकाच्या आडनावाने शोधून पाहावे, नाही तर सरळ विचारावे.

प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ आहे. पीएच.डी.चे प्रबंध डिजिटल स्वरूपात जमा करण्याची अट २००९ च्या नियमांत आली आणि आता देशभरातले प्रबंध घरबसल्या फुकट वाचता येतात. हा साठा सांभाळणारे इन्फ्लिबनेट केंद्र आपल्या गांधीनगरलाच आहे. प्रबंध वाचताना शेवटची संदर्भसूची आधी वाचावी. दुसऱ्याने चार वर्षे खपून केलेली यादी आयती मिळते. पण त्या यादीतले प्रत्येक पुस्तक स्वतः उघडल्याशिवाय आपल्या यादीत घालू नये. कारण वर आलेच आहे.

संस्थानचे मूळ कागद, मोडीतली दफ्तरे, नेमणुकांची पत्रे विद्यापीठाच्या ग्रंथालयात शोधू नयेत. ते राज्य अभिलेखागाराचे काम, तिथले बडोद्यातले कार्यालय वेगळे. मोडी येत नसेल तर त्या वाटेला जाण्यापूर्वी छापील निवडक कागदपत्रांचे खंड चाळावेत. मांडवीचे मध्यवर्ती ग्रंथालयही वेगळे. १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून महाराजांनी जी ग्रंथालयांची जाळी विणली, तिचे ते केंद्र. जुनी मराठी पुस्तके आणि मासिके यांसाठी तिथे एक फेरी जरूर मारावी.

उरला एक प्रकार, जो विद्यापीठाच्या ग्रंथालयात अभावानेच सापडतो : आपल्या संस्थांचे कागद. गणेशोत्सवाच्या स्मरणिका, वधू-वर मेळाव्यांच्या पुस्तिका, मराठी शाळांचे वार्षिक अंक, जातवार मंडळांच्या सभासद-याद्या, लग्नपत्रिका, किराणा दुकानाच्या वह्या. १९३१ नंतर जातींचे तक्ते नाहीत, तेव्हा १९५० नंतरच्या बडोद्यातील मराठी घरांबद्दल काही कळायचे तर ते यांतूनच कळेल. कोणत्या मोहल्ल्यात कोण राहत होते, कुठे नोकरीला होते, मुलगी कुठे दिली, वर्गणी कुणी किती दिली. वधू-वर पुस्तिकेत मुलाची नोकरी आणि मुलीचे शिक्षण हे दोन रकाने दहा-दहा वर्षांच्या अंतराने वाचून पाहा, निम्मा प्रकल्प तिथेच होतो. आणि हेच सगळे दर दिवाळीला रद्दीत जाते.

तेव्हा घरी अशा पुस्तिका असतील तर मंडळाच्या कार्यालयात आणून द्याव्यात. एका प्रकारच्या दोन प्रती असतील तर दोन्ही द्याव्यात, एक मंडळाकडे राहील आणि एक विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देण्याचा प्रयत्न करू. देताना मुखपृष्ठावर काही लिहू नये. वेगळ्या चिठ्ठीवर संस्थेचे नाव, साल, पुस्तिका कुणाच्या घरून आली आणि फोटोंतल्या व्यक्तींपैकी जेवढ्या ओळखू येतील त्यांची नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत. पत्ते आणि फोन क्रमांक असलेल्या अलीकडच्या याद्या मात्र वेगळ्या ठेवाव्यात, त्या संबंधितांना विचारल्याशिवाय वाचकांसाठी खुल्या करता येणार नाहीत. मोडीतले काही असेल तर घडी उलगडण्याचा हट्ट न करता जसे आहे तसेच आणावे.